दुपारी थांबणारे माग

श्री. अंबादास लक्ष्मय्या चिलवेरी, म्हणजे आम्हा सगळ्यांचे अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट एका जळालेल्या मोटारीपायी झाली. मी तेव्हा विशीत होतो. कुंभारीहून सायकलवर सोलापुरात यायचो आणि अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंड करायचो. मोटार जळली की तिच्यातली काळी पडलेली तांब्याची तार काढून नवी भरायची, हे ते काम. उन्हाळ्यात ते इतकं यायचं की भाकरी हातात घेऊन फिरावं लागे. वैशाखातल्या अशाच एका दुपारी अण्णांच्या शेडमध्ये मी मोटार उघडली, तार दाखवली आणि म्हणालो, "मोटार चांगली हाय मालक. हवा वाईट हाय. ह्या पत्र्याखाली दुसरी भरली तरी तीबी जळंल."

असं म्हटल्यावर मालक लोक कारागिरावर घसरतात. अण्णा खाली बसले. मोटारीच्या अंगावर पत्र्याची एक छोटी पाटी असते, ती त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसली.

"ह्याच्यावर काय लिहिलंय बे?"

मी वाचून दाखवलं. मोटारीची ताकद किती, मिनिटाला फेरे किती, आणि भोवतालची हवा किती तापेपर्यंत ती चालवावी.

"म्हणजे किती गरमीत चालवायचं, ते मोटारीवर लिहून येतंय?"

"व्हय."

अण्णांनी मान वर केली. समोरच्या मागावर एक विणकर उभा होता. त्याच्या बनियनमधून पाणी ठिबकत होतं. अण्णा त्याच्याकडं बघत मला म्हणाले, "आणि ह्याच्यावर कुठं लिहिलंय?"

त्याच आठवड्यात अण्णांच्या शेडचे माग भर दुपारी थांबले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते थांबत आले आहेत.

या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळानं लेख मागितला, तेव्हा सोबत सूचना आल्या होत्या. लेखात गोडवा असावा. वादाचे विषय टाळावेत. मंडळाच्या सूचनांचा मी आदर करतो, पण मी मोटारी भरणारा माणूस आहे. आत तार कुठं जळली आहे ते न सांगता वरून व्हार्निश मारून मोटार परत देणं मला या वयात शिकता येणार नाही. अण्णांचा अमृतमहोत्सव आहे, आणि अण्णांची शेड पुढच्या दसऱ्यानंतर चालू राहील की नाही हे आज कुणी सांगू शकत नाही. या दोन गोष्टी एकाच ग्रंथात आल्या पाहिजेत, असं मला वाटतं.

आधी एक दुरुस्ती. निमंत्रणपत्रिकेत अण्णांना 'हातमाग व्यवसायातील ज्येष्ठ उद्योजक' म्हटलं आहे. हातमाग अण्णांच्या वडिलांचा होता. ते घरातल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत. अण्णांचे माग विजेचे आहेत, त्यांवर टॉवेल निघतात, आणि ते पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. हा फरक छापणाऱ्याला किरकोळ वाटला असेल. पण या लेखातलं सगळं त्या पत्र्यापासून सुरू होतं, म्हणून लिहिलं.

जे या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सुती धाग्याला ओल लागते. हवा कोरडी झाली की मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, तटातट तुटतात. म्हणून आमच्या वसाहतीत उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवतात आणि फरशीवर पाणी मारतात. धागा त्यानं खूश असतो. माणूस वरून पत्रा, खालून वाफ, असा मधे शिजतो. मजुरी नगावर असल्यामुळं तो स्वतःहून थांबत नाही. मालक थांबवत नाही, कारण माल द्यायचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालतं, आणि आता उन्हाळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. होळी व्हायच्या आत पत्र्याला हात लावता येत नाही.

अण्णांनी दुपारी माग थांबवले तेव्हा त्यांनी माणसांचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, "मोटारी जळायलेत. मोटारीला विसावा पाहिजे." आणि साक्षीला मला उभं केलं. माणसाला विसावा म्हटलं असतं तर शेजारचे मालक अंगावर आले असते आणि अण्णांचे कामगारही रुसले असते. मोटारीसाठी म्हटल्यावर कुणाला बोलायला जागा राहिली नाही. तरी शेजारी हसलेच. 'चिलवेरीचे माग दुपारी झोपतात' ही त्या काळातली वसाहतीतली चेष्टा आहे. एका मालकानं तोंडावर विचारलं, "अण्णा, असं माग बंद ठेवून तोटा होत नाही का?"

"अमावस्येला तूबी बंद ठेवतोस की," अण्णा म्हणाले. "तवा विचारतोस का तोटा?"

"ते देवाचं असतंय."

"मग हे मोटारीचं समज."

व्यवस्था अशी होती, आणि आजही तशीच आहे. उन्हाळ्यात माग पहाटे सुरू होतात. ऊन डोक्यावर आलं की बंद होतात. पुन्हा कधी सुरू करायचे हे घड्याळावर ठरत नाही. आवारात पाण्याची उंच टाकी आहे. तिची सावली सरकत फाटकाला लागली की उठायचं आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत चालवायचं. मधल्या वेळेत सगळे उत्तरेच्या लांब पडवीत पडतात. विणताना खोट निघालेल्या चादरी अण्णा शेजाऱ्यांकडून आणतात, त्या भिजवून तारेवर पडद्यासारख्या सोडतात. त्यांच्यामागं चटया. अण्णांचं घर शेडपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्यात एसी आहे. अण्णा दुपारी तिकडं जात नाहीत. त्याच पडवीत, त्याच फरशीवर, उशाला कांड्यांची, म्हणजे सूत गुंडाळलेल्या नळ्यांची, रिकामी टोपली घेऊन झोपतात आणि मोठ्यानं घोरतात. कामगारांची एकमेव तक्रार या घोरण्याबद्दल आहे.

धंदा यानं बुडाला का? बुडाला असता तर हा ग्रंथ निघाला नसता. अण्णा संक्रांतीच्या सुमारासच व्यापाऱ्यांना बोलावून सांगतात की उन्हाळ्यात मी इतकाच माल देईन, जास्त मागू नका. 'उन्हाळ्याचा शब्द हिवाळ्यात द्यायचा' हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. शेजारी भर उन्हाळ्यात वाट्टेल तेवढी ऑर्डर घेत, मग मोटारी जळत, विणकर आजारी पडत किंवा गावाकडं निघून जात, धागे तुटून टॉवेलात खोट येई, आणि माल परत फिरे. अण्णांचा माल कमी निघे, पण सांगितलेल्या दिवशी निघे. शहराबाहेरचा जो मोठा व्यापारी आज त्यांचा जवळजवळ सगळा माल परदेशी पाठवतो, तो याच कारणासाठी त्यांच्याकडं आला. आजकाल सभांमधून 'हवामान बदलात तग धरणारे उद्योग' असं ऐकू येतं. तग धरणं म्हणजे काय, हे मी त्या पडवीत पाहिलेलं आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर माझं सगळं शिक्षण अण्णांच्या दुपारीत झालं. सातवीनंतर मी शाळा पाहिलेली नाही. मोटारींवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मला भंगारात सापडलं होतं. ते वाचायला मला ना जागा होती ना वेळ. अण्णांनी पडवीच्या टोकाला एक बाकडं टाकलं आणि सांगितलं, "दुपारी हितं बसायचं. झोपायचं नसंल तर वाच." शब्दकोश त्यांनीच आणून दिला. मी ते पुस्तक त्या बाकावर संपवलं, मग हवेतल्या ओलीवरचं दुसरं, मग तिसरं. कुणी मला आज 'काय शिकलात' असं विचारलं की मी न लाजता सांगतो, अण्णांच्या पडवीत शिकलो. त्या बाकावर आता मी लावलेले दोन थर्मामीटर आहेत. एक साधा. दुसऱ्याच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळलेली. दोन्हींतला फरक पाहिला की हवेत ओल किती आहे आणि माणसाचा घाम वाळेल की नाही, ते कळतं. घाम वाळला तर माणूस वाचतो. एवढी साधी गोष्ट आहे, आणि पुढचा सगळा संताप या साध्या गोष्टीचा आहे.

काही वर्षांपूर्वी उष्णतेशी जुळवून घेण्याची सरकारी योजना आमच्या वसाहतीत आली. तिला कागदोपत्री 'अनुकूलन' म्हणतात. योजना आली याचा अण्णांना आनंद झाला होता, हे नमूद केलं पाहिजे. छतावर पांढरा रंग मारायचा होता. तो अण्णांनी सगळ्यांत आधी मारून घेतला. पत्रा खरोखर कमी तापला. त्याबद्दल योजना करणाऱ्यांचे आभार. भिंतीत मोठे पंखे बसवायचे होते. तेही बसवले. पण आपल्याकडचा वैशाखातला वारा म्हणजे भट्टीचं तोंड. पंखा लावला की तो कोरडा वारा आत येतो आणि ताणा तुटतो. म्हणून अण्णा पंखे सकाळ-संध्याकाळ चालवतात. दुपारी माग बंदच असतात, तेव्हा प्रश्न नाही.

शेजाऱ्यांचे माग दुपारी चालतात. त्यांनी काय केलं? पंख्यांच्या तोंडाला गोणपाट बांधलं आणि दुप्पट पाणी मारलं. योजनेत नियम असा आहे की दुपारी काम चालू असताना शेडमधलं तापमान ठरलेल्या आकड्याच्या खाली पाहिजे. भिंतीवर एक यंत्र बसवतात. आकड्याखाली असेल तर हिरवा दिवा, वर गेलं तर लाल. यंत्र फक्त तापमान बघतं. ओल बघत नाही. फरशीवर भरपूर पाणी मारलं की तापमान उतरतं आणि दिवा हिरवा होतो. आणि त्या ओल्या हवेत माणसाचा घाम वाळत नाही. म्हणजे यंत्र जितकं समाधानी, तितका विणकर मरणाच्या जवळ. हे मी संबंधित कचेरीला लेखी कळवलं. उत्तर आलं की आपली सूचना सल्लागार समितीपुढं ठेवण्यात येईल.

हिरवा दिवा असलेल्या शेडला 'उष्णतासुरक्षित कारखाना' अशी निळी पाटी मिळते. सुरुवातीला या पाटीला कुणी विचारत नव्हतं. मग परदेशातली गिऱ्हाइकं ती मागू लागली, आणि अण्णांच्या व्यापाऱ्यानं निरोप पाठवला की दसऱ्यापर्यंत पाटी घ्या, नाहीतर पुढची ऑर्डर देता येणार नाही. माणूस वाईट नाही. त्याचेही हात बांधलेले आहेत.

पाटीच्या तपासणीसाठी कचेरीतून आलेल्या मॅडम तरुण होत्या. दुपारी त्या आल्या तेव्हा शेड गप्प होती आणि माणसं ओल्या चादरींमागं आडवी झाली होती. मी बाकावर होतो.

"माग बंद का आहेत?" त्यांनी विचारलं.

"दुपार हाय की," अण्णा उठून बसत म्हणाले.

"वीज गेलीय का?"

"नाही."

"मग काही वाद वगैरे? संप?"

चटईवरून डोळे न उघडता सलीमभाई म्हणाले, "मॅडम, नींद है." सलीमभाई हे अण्णांचे सगळ्यांत जुने विणकर.

मॅडम हसल्या. अण्णांनी त्यांना माठातलं पाणी दिलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं, टाकीची सावली पाहिली, माझे दोन थर्मामीटर पाहिले. ओली चिंधी कशाला ते मला सांगावं लागलं नाही. त्यांना ते माझ्याइतकंच माहीत होतं. मग त्यांनी तपासणीचा छापील कागद पुढं घेतला.

"अडचण अशी आहे अण्णा, की मला काम चालू असताना मोजायचंय."

"ह्या वेळेला आमच्यात काम नसतंय."

"मग मी काय लिहू?"

"हेच लिवा की. दुपारी हितं माणूस भाजत नाही."

"त्याला रकाना नाहीये," मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "सकाळपासून इतक्या शेड बघितल्या. इथंच बसावंसं वाटलं, खरं सांगते. पण रकाना नाही."

त्यांनी लिहिलं: उत्पादन बंद, मोजणी शक्य नाही, अपात्र.

त्यांच्यावर माझा राग नाही. जाताना त्यांनी वाटही सांगितली. "एखाद्या दुपारी माग चालवा. मला कळवा, मी येऊन मोजून जाते." माझा राग आहे तो रकाने आखणाऱ्यांवर. पंख्याला रकाना आहे, रंगाला आहे, यंत्राला आहे. या तिन्हींचं बिल येतं, बिलावर अनुदान मिळतं, अनुदानाचा आकडा अहवालात जातो. माग थांबवण्याचं बिल येत नाही. जो उपाय कुणी विकत नाही, तो यांच्या लेखी उपायच नाही. वातानुकूलित सभागृहात बसून उन्हावर उपाय ठरवणाऱ्यांना एकदा तरी विचारावंसं वाटलं नाही, की बाबा, ऊन फार झालं तर माणूस काय करतो? तो सावलीत जाऊन बसतो. गुरंसुद्धा बसतात. एवढं सोडून बाकी सगळं त्यांच्या कागदात आहे.

मॅडम गेल्यावर पडवीत बोलणं झालं. सलीमभाई पूर्ण जागे झाले होते.

"अण्णा, एक दिन चलाव की. क्या जाता अपना? नीचे पानी मारते हम, दिवा हिरवा हो जाता, पाटी लेके सो जाते."

"पाटी मिळाली की तू झोपशील," अण्णा म्हणाले. "मला झोप लागंल का?"

"आपको तो खड़े खड़े भी लगती अण्णा. सब जानते."

सगळे हसले. अण्णाही हसले. मी म्हणालो, "अण्णा, सलीमभाई बरोबर बोलायलेत. एका दुपारीनं कुणी मरत नाही. शेड गेली तर ही सगळी माणसं त्या पाटीवाल्यांकडंच जाणार. मग रोजच दुपारी उभं राहायचं."

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "दत्ता, तू मला देव समजून बोलायलास. मी मालक हाय बे. आज पाटीसाठी चालवला तर उद्या ऑर्डरीसाठी चालवीन. परवा शेजाऱ्यानं चालवला म्हणून चालवीन. मला मी माहीत हाय की. एकदा हात लावला तर ही दुपार राहायची नाही."

त्यांच्या सडेतोडपणाबद्दल, निःस्वार्थीपणाबद्दल या ग्रंथात इतर मान्यवर लिहितीलच. मला त्यांचं हे वाक्य सगळ्यांत मोठं वाटतं. स्वतःच्या लोभावर इतकी बारीक नजर ठेवणारा दुसरा मालक मी पाहिलेला नाही, आणि मी पुष्कळ मालकांच्या मोटारी उघडल्या आहेत.

त्यानंतर श्रीनिवासची गोष्ट झाली. श्रीनिवास पूर्वी अण्णांकडं होता. दुपारीही काम मिळतं, नग जास्त निघतात, म्हणून तो शेजारच्या पाटीवाल्या शेडमध्ये गेला होता. अण्णांनी त्याला अडवलं नव्हतं. याच उन्हाळ्यात एका दुपारी तिथून आरडाओरडा ऐकू आला. अण्णा अनवाणी पळाले. मी मागोमाग गेलो. श्रीनिवास मागाखाली पडला होता, अंग भाजल्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे उघडे, बोलणं असंबद्ध. आम्ही त्याला उचलून निळ्या पाटीखालून बाहेर काढलं आणि आमच्या पडवीत आणलं. ओल्या चादरींत गुंडाळलं. अण्णांनी त्याच्या काखेत बर्फ धरून ठेवला. टेम्पो आल्यावर दवाखान्यात नेलं. त्याला बाहेर काढताना मी वळून त्या शेडमधल्या भिंतीवर पाहिलं होतं. दिवा हिरवा होता.

संध्याकाळी त्या शेडचे मालक आले. चेहरा पडलेला होता. म्हणाले, "अण्णा, आमचं सगळं नियमात हाय. तुमी बघितलंत."

"बघितलं," अण्णा म्हणाले. "दिवा हिरवा हाय."

श्रीनिवास वाचला. पण आता त्याला ऊन सोसत नाही, उभ्यानं माग चालवणं जमत नाही. तो अण्णांकडं बसून टॉवेलच्या घड्या घालतो. दुपारी अण्णांच्या शेजारी त्याची चटई असते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बोलावलं आणि अर्ज लिहायला सांगितला. अर्ज एका ओळीचा आहे. उन्हाच्या वेळी काम थांबवणं हाही उष्णतेवरचा उपाय म्हणून धरावा, एवढंच. त्याखाली सलीमभाईंसह शेडमधल्या प्रत्येकाची सही आहे. श्रीनिवासनं दवाखान्यातून सही पाठवली. तो अर्ज सल्लागार समितीपुढं आहे. तीन वेळा मी चौकशीला गेलो. तीन वेळा मला सांगण्यात आलं की समितीतले सदस्य सध्या एका कार्यक्रमाच्या गडबडीत आहेत.

तो कार्यक्रम म्हणजे हा गौरव समारंभ. सल्लागार समितीचे अध्यक्ष या समारंभाचे प्रमुख पाहुणे आहेत. श्रीनिवास ज्या शेडमध्ये पडला तिचे मालक गौरव समितीत आहेत. ज्यांनी अण्णांचे माग झोपतात म्हणून चेष्टा केली, त्यांतले कितीतरी या ग्रंथाचे जाहिरातदार आहेत. अण्णांना 'पर्यावरणस्नेही उद्योजक' असं मानपत्र द्यायचं ठरलं आहे. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. ज्या गोष्टीसाठी माणसाला अपात्र ठरवलं, त्याच गोष्टीसाठी त्याला शाल घालायची, आणि अर्ज मात्र खाली दाबून ठेवायचा, याला आमच्या कुंभारीत गौरव म्हणत नाहीत.

गौरव समितीचे लोक निमंत्रण घेऊन आले तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं. "शाल? वैशाखात?" असं विचारून त्यांनी पाणी मागवलं. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "येतो. पण माझी माणसं पुढं बसली पाहिजेत." समितीनं कबूल केलं. पाहुण्यांच्या सोयीनं वेळ भर दुपारची ठरली.

आता शुभेच्छा. अण्णांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांनी शंभरी पाहावी आणि तेव्हाही त्या पडवीत सगळ्यांची झोपमोड करत घोरावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण मी कारागीर आहे. मोटार दीर्घायुषी व्हावी असं वाटत असेल तर मी तिला ओवाळत नाही, ती किती तापते ते बघतो. अण्णांचं आयुष्य त्या शेडमध्ये आहे आणि शेडचं आयुष्य एका सहीत आहे. ज्यांच्या हातात ती सही आहे ते व्यासपीठावर त्यांच्या शेजारीच बसणार आहेत. शाल घालताना त्यांचे हात मोकळे असतील. अर्जाची एक प्रत मी खिशात घेऊन येणार आहे, आणि पेनही.

समारंभाच्या व्यवस्थापकांना शेवटची विनंती. पुढच्या रांगा अण्णांच्या कामगारांसाठी ठेवाव्यात. मागच्या रांगा वसाहतीतल्या इतर कामगारांसाठी ठेवल्या आहेत असं समजतं, पण त्या रिकाम्या राहतील, कारण त्या वेळी त्यांचे माग चालू असतात. आणि टाकीची सावली फाटकाला लागायच्या आत भाषणं संपवावीत. आमच्या लोकांना कामावर जायचं आहे.